मेर फिल्म: एका चित्रपटानंतर दुसरा येईपर्यंतची वर्षे

पावसाळी (बर्गन):

गेल्या रविवारी येथे, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये, नेहमीप्रमाणे दिवसभर पाऊस होता, म्हणून घरी बसून इरम हक यांचा २०१७ सालचा ‘हवा विल फोल्क सी’ हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. नावाचा शब्दशः अर्थ ‘लोक काय म्हणतील’ असा आहे, आणि मराठी घरात वाढलेल्या कोणालाही तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ओस्लोतल्या पाकिस्तानी कुटुंबातली सोळा वर्षांची मुलगी, तिच्या खोलीत सापडलेला मित्र, आणि त्यानंतर वडिलांनी तिला फसवून पाकिस्तानात नातेवाइकांकडे नेऊन ठेवणे, अशी ती गोष्ट आहे. दिग्दर्शिकेने स्वतः चौदाव्या वर्षी हे सोसले आहे. पहिल्या वेळी मी कथेतच इतका गुंतलो होतो की दुसरे काही दिसलेच नाही. या वेळी मात्र श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचली, आणि निर्मात्या मारिया एकरहोव्ड यांच्या नावाशी थांबलो, कारण हक यांच्या २०१३ सालच्या पहिल्या चित्रपटाची, ‘याइ आर दिन’ची, निर्मितीही त्यांचीच होती.

एकरहोव्ड यांनी २०११ साली ‘मेर फिल्म’ ही संस्था उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सो येथे काढली. नॉर्वेजियनमध्ये ‘मेर’ म्हणजे ‘अधिक’. त्रोम्सो ध्रुववृत्ताच्या बरेच उत्तरेला आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि नेमके त्याच जानेवारीत तेथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. गावात १९१६ सालचे ‘वेर्देन्सतेआत्रे’ हे चित्रपटगृह अजून चालू आहे. दोन वर्षांपूर्वी त्या महोत्सवाला गेलो असताना दुपारी दोन वाजता काळोखात रांगेत उभा होतो. पुढच्या आजीबाईंनी थर्मासमधली कॉफी मला दिली आणि विचारले, “तुमच्याकडे चित्रपटासाठी एवढ्या थंडीत उभे राहतात का?” मी खरे सांगितले, की आमच्याकडे थंडीच नसते. मुद्दा असा, की राजधानीपासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या या गावातही संस्था काढावी असे वाटण्याजोगे चित्रपटाचे वातावरण आहे. संस्थेची कार्यालये आता बर्गन व ओस्लो येथेही आहेत.

या संस्थेविषयी लिहावेसे वाटले ते तिने मिळवलेल्या पारितोषिकांमुळे नाही. उले येव्हर या दिग्दर्शकाचे उदाहरण घ्या. २०१४ साली त्यांनी मार्ते वोल यांच्यासोबत ‘मोत नातूरेन’ हा चित्रपट केला. त्यात एक विवाहित माणूस शनिवार-रविवार एकटाच डोंगरात चालायला व धावायला जातो आणि आपण त्याच्या डोक्यातले विचार ऐकत राहतो. घटना जवळजवळ नाहीतच, आणि मुख्य भूमिकाही दिग्दर्शकाचीच. बर्लिन महोत्सवात २०१५ साली त्याला युरोपा सिनेमाज लेबल हा पुरस्कार मिळाला. २०१७ साली त्यांनी ‘फ्रा बाल्कोंगेन’ केला, म्हणजे ‘बाल्कनीतून’, आणि खरोखरच तो घराच्या बाल्कनीत उभ्या असलेल्या माणसाचे चिंतन आहे. त्यानंतर २०२३ साली ‘एल्लोस एआत्नू’ आला. उत्तर नॉर्वेतल्या अल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी या तेथील मूलनिवासी लोकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभारलेल्या लढ्याचा हा मोठ्या पटाचा चित्रपट असून त्याचा काही भाग सामी भाषेत आहे. बाल्कनीपासून नदीपर्यंत येण्यास सहा वर्षे लागली, आणि तिन्ही चित्रपटांची निर्मितीसंस्था एकच आहे.

मला प्रश्न पडतो तो या सहा वर्षांचा. दिग्दर्शकाचा चित्रपट पडद्यावर नसतो तेव्हा निर्माता त्याच्यासोबत नेमके काय करत असतो? येथे त्याला ‘उत्विक्लिंग’ म्हणतात, आपण ‘विकसन’ म्हणू या, जरी तो शब्द भूखंडाला लावल्यासारखा वाटतो. चित्रपटव्यवसायातल्या सभासदांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे.

संकलक (पुणे):

पावसाळी, धाग्याबद्दल आभार. मी पंधरा वर्षे संकलन करतो आहे, त्यामुळे माझा संबंध चित्रीकरण झाल्यानंतरचा. परंतु संकलनाच्या टेबलावर बसले की पटकथेवर किती वेळ दिला होता ते पहिल्या वीस मिनिटांत कळते. जे काम लिहिताना व्हायला हवे होते ते आमच्याकडे कात्रीने करायला सांगितले जाते.

आपल्याकडे विकसन होत नाही असे नाही. ते होते, पण त्याचा खर्च लेखक-दिग्दर्शक स्वतःच्या खिशातून करतो. माझ्या एका मैत्रिणीने एका निर्मात्याला कथा ऐकवली. त्यांना ती फार आवडली, अकरा हजार रुपयांचे टोकन दिले गेले, आणि पुढची तीन वर्षे ‘बाउंड स्क्रिप्ट (पूर्ण लिहिलेली पटकथा) आणा, मग बघू’, ‘एखादा चेहरा मिळतो का बघू’, ‘सॅटेलाइटवाल्यांशी (वाहिन्यांसाठी हक्क घेणाऱ्यांशी) बोलतो’ एवढेच चालले. कागद काहीच नव्हता. ती दुसरीकडेही जाऊ शकत नव्हती, कारण तोंडी शब्द दिला होता आणि आपल्या व्यवसायात असे शब्द सगळ्यांना माहीत असतात. त्या तीन वर्षांत तिने मालिकांचे संवाद लिहून घर चालवले. पटकथेचा सहावा खर्डा पहिल्याहून वाईट होता, हे ती स्वतःच सांगते; कारण प्रत्येक खर्डा कोणाला तरी नॅरेशन देण्यासाठी लिहिलेला होता.

राज्य शासनाचे अनुदान आहे, आणि त्याने अनेकांना तारले आहे. पण त्यासाठी आधी चित्रपट पूर्ण करायचा, सेन्सॉरचे प्रमाणपत्र घ्यायचे, मग परीक्षण समिती तो पाहणार आणि दर्जा ठरवणार. ज्याच्यापाशी चित्रपट पूर्ण करण्याइतका पैसा आहे, त्यालाच ते मिळू शकते. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या माणसाला त्यात जागा नाही.

सैरभैर (ठाणे):

दोन्ही प्रतिसाद वाचले. थोडे थंड पाणी ओतण्याची परवानगी असावी. नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आहे आणि त्या देशाकडे तेलाच्या पैशातून उभा राहिलेला जगातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक निधींपैकी एक आहे. अशा देशात एखाद्या निर्मातीने दिग्दर्शकाला सहा वर्षे सांभाळले, तर ती दानत तिची की सरकारी तिजोरीची? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या प्रेक्षकवर्गाच्या भाषेने ५५ लाखांच्या भाषेकडे आशेने पाहावे, हेच मला विचित्र वाटते.

शिवाय सरकारी पैसा म्हटला की कोणीतरी निवड करणारच. नॉर्वेच्या चित्रपट संस्थेत पटकथा वाचणारे सल्लागार असतात, असे ऐकून आहे. एका सल्लागाराच्या आवडीवर एखाद्या दिग्दर्शकाची पाच वर्षे ठरत असतील, तर तो निर्मात्याच्या लहरीपेक्षा फार वेगळा प्रकार आहे का?

पावसाळी (बर्गन):

सैरभैर, आक्षेप रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

तेलाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. चित्रपट हा सार्वजनिक विषय आहे ही समजूत येथे तेलाच्या फार आधीची आहे. १९१३ च्या कायद्याने चित्रपटगृहांचे परवाने देण्याचा अधिकार नगरपालिकांकडे गेला, आणि बहुतेक नगरपालिकांनी ते परवाने स्वतःच वापरून चित्रपटगृहे चालवायला घेतली. तेल सापडले ते १९६९ साली. बर्गनमधली चित्रपटगृहे आजही नगरपालिकेच्या मालकीची आहेत. ओस्लोने आपली २०१३ मध्ये विकली. १९३२ साली नगरपालिकांनीच ‘नोर्स्क फिल्म’ ही निर्मितीसंस्था काढली. पुढे ती प्रामुख्याने सरकारच्या हाती आली आणि २००१ साली सरकारने ती गुंडाळली, कारण एकाच मोठ्या सरकारी संस्थेऐवजी अनेक लहान खासगी निर्मात्यांना बळ द्यावे असे धोरण ठरले. मेरसारख्या संस्था त्या निर्णयानंतरच्या पिढीतल्या आहेत.

सल्लागारांविषयी तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. येथील चित्रपट संस्थेत ते ठराविक मुदतीसाठी नेमले जातात, बहुधा व्यवसायातूनच आलेले असतात, आणि मुदत संपली की परत जातात. आवडनिवड असतेच. परंतु तो एकमेव दरवाजा नाही. कलात्मक गुणांवर मिळणारे साहाय्य वेगळे, बाजारात चालेल अशा चित्रपटांसाठीचे वेगळे, प्रदर्शनानंतर तिकीटविक्रीच्या प्रमाणात मिळणारे वेगळे. प्रादेशिक निधी आहेत, पाच नॉर्डिक देशांचा मिळून एक निधी आहे, आणि युरोप परिषदेचा युरिमाज हा सहनिर्मिती निधी आहे. एका सल्लागाराने नकार दिला तर निर्माता दुसऱ्या दारावर जातो. आणि दारोदार तो निर्माता जातो, दिग्दर्शक नव्हे, हा फरक मला फार मोठा वाटतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेखनाला, प्रकल्पाच्या विकसनाला आणि प्रत्यक्ष निर्मितीला निरनिराळे साहाय्य आहे. म्हणजे संकलक यांच्या मैत्रिणीला ज्या तीन वर्षांत काहीच मिळाले नाही, त्याच तीन वर्षांसाठी येथे अर्ज करता येतो. अर्ज केलेल्या प्रत्येकाला मिळते असे मात्र अजिबात नाही.

गोदाकाठ (नाशिक):

मला वाटते आपण सारखे सरकारकडे पाहतो आहोत आणि माणसाकडे कमी. तेल नसलेल्या आपल्याच मुंबईतले उदाहरण घ्या. चैतन्य ताम्हाणे ‘कोर्ट’ लिहीत असताना विवेक गोम्बर यांनी त्यांना लेखनकाळात घर चालवण्यासाठी दरमहा पैसे दिले, म्हणजे निर्माता होण्याची सुरुवात चित्रपटाच्या आधी, कागद कोरा असताना केली. नंतर रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचेही साहाय्य मिळाले. २०१४ साली व्हेनिसमध्ये त्या चित्रपटाला दोन मोठी पारितोषिके मिळाली. आणि गोम्बर तेथे थांबले नाहीत. २०२० सालच्या ‘द डिसायपल’चे निर्मातेही तेच. त्या दोन चित्रपटांमध्ये सहा वर्षे गेली, येव्हर यांच्याइतकीच. ही जोडी आणि एकरहोव्ड–हक ही जोडी यांत तत्त्वतः मला काही अंतर दिसत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे अशी जोडी एखाद्या माणसाच्या स्वभावामुळे जमते. तो माणूस नसता तर काय, याचे उत्तर आपल्यापाशी नाही.

सैरभैर, आठ कोटींच्या प्रेक्षकवर्गाविषयी: ‘कोर्ट’ आपल्या गावात किती खेळ टिकला ते आठवून पाहा. नाशिकमध्ये मी तो रात्रीच्या खेळाला पाहिला होता, आणि प्रेक्षागृहात आम्ही सात जण होतो, त्यांत दोघे चुकून आलेले.

सैरभैर (ठाणे):

गोदाकाठताई, त्या सातांत मी असतो तर आठ झालो असतो. मुद्दा मान्य आहे. तरीही ‘सांभाळणे’ या शब्दाची मला भीती वाटते. ज्याला सांभाळले जाते तो हळूहळू सांभाळणाऱ्याला आवडेल असेच लिहू लागतो.

वैनगंगा (नागपूर):

मी ‘एल्लोस एआत्नू’ एका महोत्सवात पाहिला आहे. अल्ताच्या आंदोलकांनी १९७९ मध्ये ओस्लोत संसदेसमोर लाव्वू, म्हणजे त्यांचा पारंपरिक तंबू, उभारून उपोषण केले, तो प्रसंग पाहताना मला आमच्याकडच्या नर्मदेच्या लढ्याची आणि धरणात बुडालेल्या मणिबेली गावाची आठवण आली. अल्ताचे धरण शेवटी झालेच, १९८७ साली. पण त्या लढ्यातूनच पुढे सामी संसद उभी राहिली. चित्रपटातली नायिका शिक्षिका आहे, आणि आपण सामी असल्याचे लपवण्याची तिला सवय लागलेली आहे. ती भूमिका सामी गायिका एला मारी हेट्टा इसाक्सेन यांनी केली असून त्या स्वतःही कार्यकर्त्या आहेत. शेजारी बसलेल्या बाई आपली भाषा ऐकल्यासारख्या रडत होत्या. नंतर कळले की त्या केरळच्या होत्या.

सैरभैर यांच्या भीतीला या चित्रपटातच उत्तर आहे, असे मला वाटते. दोन अंतर्मुख चित्रपट करणाऱ्या माणसाला ‘तुझे तेच चालते, तेच कर’ असे सांगणे निर्मात्याला किती सोपे होते! येव्हर स्वतः उत्तरेकडचे आणि सामी वारशाचे असले, तरी तोवर त्यांचे नाव अशा मोठ्या ऐतिहासिक पटाशी कोणी जोडले नव्हते. सांभाळणाऱ्याने आपलीच आवड लादली असती तर तिसरा चित्रपट गच्चीवरचा झाला असता.

संकलक (पुणे):

गच्चीचे आवडले. आता व्यवहाराचे एक सांगतो, कारण पावसाळी यांनी श्रेयनामावलीचा उल्लेख केला. चित्रपटाच्या सुरुवातीला येणाऱ्या निर्मितीसंस्थांच्या पाट्या म्हणजे नुसती शोभा नसते. सहनिर्मितीत ज्या देशाचा पैसा येतो, त्या देशात तो बहुधा खर्चावा लागतो: तेथील तंत्रज्ञ घ्या, तेथे ध्वनिमिश्रण करा, तेथे चित्रीकरण करा. मेरचा ‘वॉर सेलर’ पाहा. गुन्नार व्हिकेने यांचा हा २०२२ सालचा चित्रपट दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांवर अडकलेल्या नॉर्वेजियन खलाशांविषयी आहे आणि तोवरच्या सर्वांत खर्चिक नॉर्वेजियन चित्रपटांत त्याची गणना होते. त्यात जर्मनी आणि माल्टा सहनिर्माते आहेत. माल्टामध्ये समुद्राला लागून चित्रीकरणासाठी बांधलेले पाण्याचे प्रचंड हौद आहेत, म्हणजे तेथे जाण्याला कथेचे कारण होते आणि हिशेबाचेही. पुढे तोच मजकूर तीन भागांच्या मालिकेच्या रूपात नेटफ्लिक्सवर आला. एमिली ब्लिकफेल्ट यांचा ‘द अग्ली स्टेपसिस्टर’ पोलंडमध्ये चित्रित झाला. चांगला निर्माता या अटी अशा बसवतो की पडद्यावर त्यांचे ओझे दिसत नाही. आमच्याकडे ‘अमुक जिल्ह्यात शूट करा, हॉटेल फुकट मिळेल’ म्हणून कोकणातली कथा देशावर गेलेली मी संकलित केली आहे. नारळाची झाडे लपवता लपवता पुरेवाट झाली होती, म्हणजे नसलेली दाखवता दाखवता.

‘अग्ली स्टेपसिस्टर’वरून आठवले: तो २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला दाखवला गेला, आणि त्याच सनडान्सला रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जागतिक कथापट विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळवले. दोन्ही दिग्दर्शकांचा पहिलाच दीर्घ चित्रपट. आता मला उत्सुकता आहे ती दोघांच्या दुसऱ्या चित्रपटाची, आणि त्यातही कोणाला किती वाट पाहावी लागते याची.

उंबरठा (पणजी):

बऱ्याच काळापासून वाचनमात्र होते, आज लिहिते. एक शंका आहे. येथे मेरचेच नाव का? डाग योहान हेउगेरूद यांना २०२५ च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, नॉर्वेला पहिल्यांदाच. आणि तो चित्रपट ज्या मालिकेतला आहे, ती तीन चित्रपटांची मालिका ‘मोतलिस’ या ओस्लोतल्या संस्थेची आहे. हेउगेरूद कादंबरीकार आहेत आणि पेशाने ग्रंथपाल. त्यांच्या २०१२ सालच्या पहिल्या दीर्घ चित्रपटापासून तीच संस्था त्यांच्यासोबत आहे.

पावसाळी (बर्गन):

उंबरठा, तुमचे म्हणणे योग्य आहे. मोतलिसवर खरे तर स्वतंत्र धागा हवा. मेर निवडण्याचे कारण असे, की तेथे दिग्दर्शक दुसऱ्या संस्थेतून येऊनही रुजतो. एस्किल फोग्ट यांचा पहिला चित्रपट ‘ब्लिन्द’ २०१४ साली मोतलिसने काढला होता. दुसरा, ‘द इनोसन्ट्स’, २०२१ साली मेरने काढला. ओस्लोच्या उपनगरातल्या इमारतींमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळणाऱ्या, काहींच्या अंगी विलक्षण शक्ती असलेल्या चार मुलांची ती गोष्ट. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात योआकिम त्रिएर यांचा ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’ स्पर्धेत होता आणि त्याची पटकथाही त्रिएर यांच्यासोबत फोग्ट यांचीच, निर्मिती मात्र तिसऱ्याच संस्थेची. २०२५ मध्ये त्रिएर यांचा ‘सेन्टिमेन्टल व्हॅल्यू’ कानचे ग्रां प्री घेऊन आला, तेव्हा निर्मात्यांत एकरहोव्ड यांचे नाव होते, आणि सोबत ‘आय आय पिक्चर्स’च्या आंद्रेआ बेरेन्त्सेन ओत्तमार यांचे. म्हणजे संस्था एकमेकींच्या स्पर्धक आहेत आणि गरजेप्रमाणे भागीदारही. गंमत म्हणजे ‘सेन्टिमेन्टल व्हॅल्यू’ हा स्वतःच एका वृद्ध दिग्दर्शकाच्या अडलेल्या चित्रपटाविषयी आहे. त्यातला पैसा कुठून येतो आणि पैशासोबत कोणती नटी येते, हे ज्याने निर्मात्याच्या कार्यालयात कधी ताटकळत वेळ काढला आहे त्याने आवर्जून पाहावे.

उंबरठा (पणजी):

आभारी आहे. मूळ शंका वेगळीच होती, ती संकोचाने विचारली नव्हती. माझ्याकडे कोकणी-मराठी मिश्र पटकथा आहे. ‘हवा विल फोल्क सी’मधली पाकिस्तानची दृश्ये राजस्थानात चित्रित झाली होती आणि वडिलांचे काम करणारे आदिल हुसेन भारतातले, त्यांना त्यासाठी २०१८ चा आमांदा हा नॉर्वेतला चित्रपट पुरस्कारही मिळाला. म्हणजे या लोकांना इकडची ओळख आहे. भारतातल्या दिग्दर्शिकेला तिकडच्या संस्थेकडे थेट जाता येते का?

पावसाळी (बर्गन):

थेट लेखनसाहाय्य नाही; ते येथील निर्मात्यांसाठी आणि लेखकांसाठी आहे. पण ‘सोरफोन्द’ नावाचा दक्षिणेकडील, म्हणजे विकसनशील, देशांतल्या चित्रपटांसाठीचा नॉर्वेजियन निधी आहे. मुख्य निर्माता तुमच्या देशातला असावा लागतो आणि अल्पांश सहनिर्माता नॉर्वेचा. शुची तलाटी यांच्या ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’मध्ये ‘हुम्मेलफिल्म’ ही नॉर्वेजियन संस्था सहनिर्माती आहे, ते उदाहरण नीट अभ्यासा. क्रम लक्षात घ्या: आधी भारतातला निर्माता, मग येथील भागीदार, मग अर्ज. तुम्ही पणजीतच आहात, त्यामुळे नोव्हेंबरमधला फिल्म बाजार हे तुमच्यासाठी घराजवळचे ठिकाण; युरोपातले सहनिर्माते तेथे पटकथा शोधतच येतात.

संकलक (पुणे):

आणि उंबरठाताई, फिल्म बाजारात जाण्यापूर्वी पटकथा लेखकांच्या संघटनेकडे नोंदवून ठेवा. कोणी टोकन देऊ केले, तर कागदावर मुदत लिहून घ्या: अमुक महिन्यांत निर्मिती सुरू झाली नाही तर हक्क परत. मैत्रिणीच्या सातव्या खर्ड्याच्या वेळी आम्ही तेवढे एक वाक्य घालायला लावले. समोरच्यांनी दोन दिवस घेतले, पण सही केली.

उंबरठा (पणजी):

मुदत किती महिन्यांची घातली होती?

संकलक (पुणे):

अठरा. बारा मागितले होते.